कोकोपीटमध्ये जिवाणू सोडले, पण ते खाणार काय?

परवा एका मैत्रिणीने फोटो पाठवला. कोकोपीटमध्ये लावलेली टोमॅटोची रोपं आणि त्यांच्या पुढ्यात सात बाटल्या-पाकिटं रांगेत मांडलेली, ट्रायकोडर्मा, स्युडोमोनास, ॲझोटोबॅक्टर, पीएसबी, मायकोरायझा, ह्युमिक, सीवीड. (यातले ट्रायकोडर्मा आणि मायकोरायझा खरं तर बुरशी, ह्युमिक आम्ल आणि सीवीड म्हणजे सागरी शेवाळाचा अर्क यांत तर जीवच नाहीत, पण बोलताना सगळ्यांना जिवाणूच म्हणतात.) खाली मेसेज, "यातलं आधी काय घालू गं?" मी उलट विचारलं की खत कुठलं देतेस, तर म्हणे खताचं सोड, ते १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखेच असलेलं, पाण्यात विरघळणारं म्हणजे विद्राव्य खत) चालूय, मी जिवाणूंचं विचारतेय.

आता हाच सगळा घोळ आहे, आणि मी स्वतः तो दोन वर्षं घातलाय म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसलेय. खत कुठलं आणि जिवाणू कुठले हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच, कोकोपीटमध्ये तर अजिबातच नाहीत. झाडाला तुम्ही आयतं ताट वाढताय का कच्चा शिधा देताय, त्यावर ठरतं की आत स्वयंपाकी लागणार का नुसता दारावर राखणदार पुरणार. विद्राव्य खत म्हणजे आयतं ताट. गांडूळखत, निंबोळी पेंड, हाडांचा चुरा हा सगळा शिधा. आणि गंमत अशी की बहुतेक जण आयतं ताट वाढून वर सात स्वयंपाकी कामाला ठेवतात. मीही ठेवले होते.

आधी थोडं कोकोपीटबद्दल, कारण मातीची सवय असलेल्या माणसाची पहिली चूक इथेच होते. माती म्हणजे दगडाचा भुगा, चिकणमाती, कुजलेलं सेंद्रिय, आणि त्यात आधीपासून नांदणारी करोडोंची वस्ती. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातला काथ्या काढल्यावर उरलेला भुसा, बस. त्यात लिग्निन भरपूर, त्यामुळे तो पटकन कुजत नाही, वर्ष दोन वर्षं आरामात टिकतो. कार्बन हा नत्राच्या जवळपास शंभरपट, म्हणजे जिवाणूंच्या दृष्टीने बघितलं तर घर मोठं, हवेशीर, पाणी भरपूर (स्वतःच्या वजनाच्या आठपट तरी पाणी धरून ठेवतं) पण फडताळात दाणा नाही. जो कार्बन आहे तो लिग्निनच्या कुलपात. अशा घरात तुम्ही बाटलीतले जिवाणू सोडले तर ते येतात, इकडेतिकडे बघतात आणि एक तर झोपतात नाहीतर मरतात. झाडाचं मूळ जिथे असेल तिथे मात्र चित्र वेगळं, कारण मूळ साखर, आम्लं, असलं काय काय बाहेर सोडत असतं. मुळाभोवतीच्या त्या मिलिमीटरभर जागेला ऱ्हायझोस्फिअर हे नाव लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये दिलं, आणि कोकोपीटमध्ये सुरुवातीला राहण्यालायक जागा खरं तर तेवढीच असते. म्हणून कुंडीच्या कडेकडेने पाणी ओतून "जिवाणू दिले" असं म्हणण्यात फारसा अर्थ नाही, मुळापाशी गेले पाहिजेत.

एक मात्र सांगते, कोकोपीट अगदी निर्जंतुक असतं हाही गैरसमज आहे. ढीग महिनोन्महिने उघड्यावर पडलेला असतो, त्यात ट्रायकोडर्मा बऱ्याचदा आपणहून वस्तीला येतो. कोकोपीटचा दाबलेला ब्लॉक पाण्यात फुगवून ठेवला आणि दोन-तीन दिवसांनी वर पांढरी-हिरवी बुरशी दिसली की लोक घाबरून फेकून देतात, ते बहुतेक वेळा विनाकारण.

माझी पहिली चूक तर जिवाणूंची नव्हतीच. टोमॅटोची खालची पानं शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी व्हायला लागली, फळाच्या बुडाला काळे चट्टे, आणि मी काय केलं, तर "मुळांचं आरोग्य" असं मोठ्ठं लिहिलेली एक महागडी बाटली आणली. आठ दिवस, पंधरा दिवस, काही फरक नाही. दुकानदाराने डोस दुप्पट करा म्हणून सांगितलं, तोही केला. शेवटी कळलं की जुन्या पानांवर तसं पिवळं पडणं म्हणजे मॅग्नेशियमची ओरड आणि फळाचं बूड काळं पडणं म्हणजे कॅल्शियम पोचत नाहीये, आणि हे दोन्ही कोकोपीटचे जन्मजात दुखणे आहेत. भुशाच्या कणांवर पोटॅशियम आणि सोडियम आधीच चिकटून बसलेले असतात (काथ्यासाठी सोडणं खाऱ्या पाण्यात भिजवली असतील तर सोडियम जास्तच), आपण कॅल्शियम-मॅग्नेशियम दिलं की कोको ते स्वतः धरून ठेवतो आणि बदल्यात पोटॅशियम सोडतो. झाड उपाशी, कोको तृप्त. आणि १९:१९:१९ मध्ये कॅल्शियम नाही आणि मॅग्नेशियमही नाही. जगातला कुठलाही जिवाणू नसलेलं कॅल्शियम निर्माण करू शकत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला एक अख्खा हंगाम गेला.

तर आता मी ब्लॉक फुगवला की आधी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुते, मग १० लिटर पाण्याला २० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आणि चमचाभर मॅग्नेशियम सल्फेट असं पाणी करून रात्रभर भिजत ठेवते, सकाळी निथळून पुन्हा एकदा धुते. ईसी मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) असेल तर निथळलेल्या पाण्याची ईसी आपल्या मूळ पाण्याच्या जवळपास आली की थांबायचं. पाकिटावर "वॉश्ड" लिहिलेलं असलं तरी करते, वॉश्ड आणि बफर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नुसत्या पाण्याने मीठ जातं, कणांना चिकटलेलं सोडियम-पोटॅशियम जात नाही, त्याला जागेवरून हलवायला कॅल्शियमच लागतं. आणि हो, कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेटवालं खत एकाच घट्ट द्रावणात मिसळू नका, खाली पांढरा गाळ बसतो आणि दोन्ही वाया.

ही पायरी झाल्याशिवाय जिवाणूंचं पाकीट फोडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दुसरी चूक, ही सांगायला जरा लाज वाटते. मी दर रविवारी कुंड्यांना हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलेलं पाणी द्यायचे कारण कुठेतरी वाचलं होतं की त्याने मुळांना ऑक्सिजन मिळतो, आणि दर बुधवारी ट्रायकोडर्मा आणि स्युडोमोनास. तीन महिने! म्हणजे बुधवारी पाहुणे बोलवायचे आणि रविवारी घर पेटवून द्यायचं. पेरॉक्साइड भेदभाव करत नाही, चांगला-वाईट जो समोर येईल तो मारतो. तांब्याची बुरशीनाशकंही तशीच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्या मानाने किरकोळ, बादली उघडी ठेवली की दिवसभरात बरंचसं उडून जातं, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन घालतात ते असं उडत नाही, त्याला व्हिटॅमिन सीची चिमूटभर पूड टाकली की काम होतं.

मग एकदा ठरवलं की आता अंदाजपंचे नको, नीट करून बघू. दहा-दहा लिटरच्या बारा कुंड्या, एकाच वाणाची मिरची, एकाच दिवशी लावलेली. सहा कुंड्यांना विद्राव्य खत, सहा कुंड्यांत कोकोमध्ये गांडूळखत आणि निंबोळी पेंड. आणि प्रत्येक सहातल्या तीन कुंड्यांना जिवंत जिवाणूंचं पाणी, उरलेल्या तीन कुंड्यांना तेच पाणी पण वीस मिनिटं उकळून गार केलेलं. हे उकळण्याचं महत्त्वाचं, कारण त्या पावडरीत जिवाणू सोडून इतरही काय काय असतं, गूळ, टाल्क, कधी कधी थोडं खतही, आणि झाड त्याला प्रतिसाद देतं आणि आपल्याला वाटतं जिवाणूंनी कमाल केली. कुंड्यांवर मी फक्त नंबर टाकले आणि कुठला नंबर कशाचा तो कागद ड्रॉवरमध्ये, नाहीतर मनातल्या मनात जिवंत पाण्याच्या कुंड्या जास्त हिरव्या दिसायला लागतात, खरंच लागतात.

निकाल सरळ सांगते. विद्राव्य खताच्या सहा कुंड्यांत दीड महिन्यानंतर मला काडीचाही फरक दिसला नाही. सगळ्या छान. जिवंत काय, उकळलेलं काय. सेंद्रिय सहा कुंड्यांत पहिले तीन आठवडे सहाही रोपं फिकट, रुसलेली, जिवंत पाण्यातली किंचित बरी, आणि महिन्याने सगळी सारखीच, कारण गांडूळखतात स्वतःचेच इतके जीव असतात की उकळलेल्या पाण्याच्या कुंड्याही काही रिकाम्या नव्हत्याच. म्हणजे मी जो प्रयोग जिवाणूंच्या बाटलीवर केला त्यातून मला बाटलीबद्दल फार कमी आणि वेळेबद्दल जास्त कळलं.

ते वेळेचं असं आहे. निंबोळी पेंडीतला किंवा गांडूळखतातला नत्र प्रथिनांच्या रूपात असतो, झाडाला तो तसाच्या तसा घेता येत नाही. एक टोळी प्रथिनं तोडून अमोनियम करते, मग नायट्रोसोमोनास वगैरे मंडळी अमोनियमचं नायट्राइट, मग नायट्रोबॅक्टरसारखे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली टोळी पटापट वाढते, दुसरी-तिसरी फार संथ, आणि नव्या कोऱ्या कोकोत ती जवळपास नसतेच. त्यामुळे सुरुवातीला अमोनियम साठतं, पीएच डोलतो, रोप वैतागतं, आणि तुम्ही घाबरून अजून एक मूठ पेंड टाकता. वर निंबोळी पेंड स्वतः नायट्रीकरण मंदावते, मातीत हा गुण चांगला कारण नत्र वाहून जात नाही, पण नव्या कोकोत जिथे ही साखळी अजून बसलीच नाहीये तिथे सुरुवातीला जास्त पेंड म्हणजे लंगड्याच्या पायात बेडी.

पुढच्या खेपेला मी फक्त एक गोष्ट बदलली. कोको, गांडूळखत (चार घमेली कोकोला एक घमेलं, त्यावर नको, मी एकदा निम्मंनिम्मं केलं होतं तर पाण्याचा निचराच बसला) आणि अगदी मूठभर पेंड असं सगळं मिसळून, हातात दाबल्यावर एक-दोन थेंब सुटतील इतकं ओलं ठेवून, सावलीत, वर गोणपाट, तीन आठवडे. चार-पाच दिवसांनी एकदा खालीवर. पहिल्या आठवड्यात हात घातला तर कोमट लागतं, वास थोडा उग्र, मग हळूहळू गार होतं आणि वास बदलतो. मग लावणी. त्या खेपेच्या मिरच्यांनी फिकटपणा दाखवलाच नाही. त्या मिश्रणात मी बाटलीतलं काहीही घातलं नव्हतं.

बाटलीबद्दल आकडेमोडही एकदा करून बघा, मजा येते. माझ्याकडच्या ट्रायकोडर्माच्या पाकिटावर २ × १०⁶ सीएफयू प्रति ग्रॅम असं आहे, म्हणजे एका ग्रॅमला २० लाख जिवंत बीजाणू. १०० ग्रॅमचं अख्खं पाकीट म्हणजे २० कोटी. ऐकायला प्रचंड. पण एक ग्रॅम चांगल्या मातीत जिवाणू असतात सहज १० कोटी ते १०० कोटी. म्हणजे अख्खं पाकीट एका चिमटीच्या बरोबरीचं. आता ही तुलना जरा अन्यायाची आहे हे कबूल, कारण मातीतले ते सगळे प्रयोगशाळेतल्या प्लेटवर उगवणारे नसतात, आणि पाकिटात एकच निवडक जात असते जिचं विशिष्ट काम आहे. पण म्हणूनच ते विशिष्ट काम काय ते बघून पाकीट घ्यायचं, संख्या बघून नाही.

आणि ते काम ट्रायकोडर्माचं असेल तर मी आजही पैसे टाकते. माझ्या अनुभवात तो कुंडीत नाही, रोपांच्या ट्रेमध्ये खरा उतरतो. रोपमर माहितीये ना, काल ताठ उभं असलेलं रोप सकाळी जमिनीलगत बारीक होऊन आडवं, जणू कुणी दोऱ्याने आवळलंय. पिथियम, ऱ्हायझोक्टोनिया ही त्यातली नेहमीची नावं. पिथियमला आपण बुरशी म्हणतो पण ती खरी बुरशी नाही, तिचं शैवालांशी नातं जास्त जवळचं, पाण्यात पोहणारे बीजाणू सोडते, म्हणून सतत चिंब ट्रे तिला फार आवडतो. ट्रायकोडर्मा तिच्या तंतूंभोवती वेटोळे घालतो, भिंत विरघळवणारी एन्झाइम सोडतो आणि आतलं खातो. सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो बघा, वेलीने काठीला विळखा घालावा तसं दिसतं. पण हे सगळं तो आधी जागेवर पोचला असेल तर. रोपं कोलमडायला लागल्यावर ड्रेंचिंग करून (मुळाशी द्रावण ओतून) उपयोग फार थोडा. पेरायच्या दोन-तीन दिवस आधी ओल्या कोकोत मिसळून ठेवला, की बी रुजेपर्यंत तो पसरलेला असतो. गेल्या वेळी मी चाळीस कप्प्यांचे दोन ट्रे केले, एकात मिसळला, एकात नाही. मिसळलेल्यात ३ रोपं गेली, दुसऱ्यात ११. दोन ट्रे म्हणजे काही पुरावा नाही, पण मी तरी आता न मिसळता पेरत नाही.

पाकीट जिवंत आहे का हे बघायची माझी घरगुती रीत सांगते. दोन काचेच्या बरण्या, दोन्हीत थोडे तांदूळ आणि जेमतेम पाणी घालून कुकरमध्ये बरणीसकट वाफवायचे, झाकण सैल. गार झाल्यावर एकीत चिमूटभर पावडर टाकायची, दुसरी तशीच, दोन्ही बंद करून ठेवून द्यायच्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पावडरवाल्या बरणीत भातावर कापसासारखे पांढरे तंतू येतात, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मधूनमधून गर्द हिरवे ठिपके, आधी पोपटी मग शेवाळी, कडेकडेने गोल पसरत जाणारे. दुसरी बरणी पांढरी स्वच्छच राहिली तर समजायचं की हिरवं आलंय ते पावडरीतूनच आलंय. दोन्हीत हिरवं आलं तर प्रयोग बाद, हवेतली दुसरी कुठली तरी बुरशी बसलीये. सासूबाईंनी एकदा फडताळात ही बरणी बघितली आणि "अगं हा भात केव्हाचा आहे?" म्हणून उचलून टाकायला निघाल्या होत्या, तेव्हापासून चिठ्ठी लावते. माझ्याकडची चारपैकी एक पावडर अशी तपासली तेव्हा सात दिवस झाले तरी भात जसाच्या तसा. तारीख संपलेली नव्हती, पण कुठे उन्हात तापली असेल कोण जाणे.

यावरून बॅसिलसचा मुद्दा. बॅसिलस सबटिलिस (हाही रोगट बुरशीला रोखणारा जिवाणू) किंवा त्याचे भाऊबंद एंडोस्पोअर करतात, म्हणजे परिस्थिती वाईट झाली की जाड कवचात गुंडाळून घेऊन पडून राहतात, उष्णता, कोरडेपणा सगळं सोसतात. स्युडोमोनास फ्लुओरेसेन्सला ही सोय नाही. तो लोखंड पकडून ठेवणारी सिडेरोफोर नावाची द्रव्यं सोडतो आणि रोगट बुरशीला लोखंडावाचून तडफडवतो, काम झकास आहे, (याच रंगद्रव्यामुळे अतिनील दिव्याखाली तो चमकतो, नाव त्यावरून) पण पाकीट ताजं नसेल तर तुम्ही टाल्क पावडर ओतताय. त्यामुळे पाकीट कसं साठवलं होतं याची खात्री नसेल तर मी डोळे मिटून बॅसिलस घेते.

मायकोरायझावर मात्र माझं सगळ्यात जास्त भांडण होतं लोकांशी. गोष्ट मोहक आहे, मान्य. १८८५ मध्ये आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक यांनी हे नाव दिलं, जमिनीवरच्या वनस्पतींपैकी निदान दोन तृतीयांश जातींशी अशा बुरशींची भागीदारी आहे, बुरशीचे तंतू मुळापेक्षा कितीतरी बारीक त्यामुळे जिथे मूळ शिरत नाही तिथून स्फुरद आणून देतात आणि बदल्यात साखर घेतात. पण हा सौदा झाड कधी करतं? स्फुरदाची चणचण असेल तेव्हा. तुम्ही १९:१९:१९ मधून रोज स्फुरद पाजताय तर झाड साखर कशाला वाटेल? भरपूर स्फुरद असेल तर मुळं या बुरशीला आत घेतच नाहीत म्हटलं तरी चालेल. शिवाय ही बुरशी जिवंत मुळाशिवाय जगूच शकत नाही, त्यामुळे पाण्यातून वरून ओतण्यापेक्षा पुनर्लागवड करताना थेट मुळांना लागेल अशी भुरभुरायची, आणि पुढे कित्येक आठवडे थांबायची तयारी हवी. आणि कोबी, फ्लॉवर, मोहरी, पालक, बीट यांना तर ती घालूच नका, ही कुटुंबं मायकोरायझाशी भागीदारी करतच नाहीत. माझ्या मैत्रिणीने पालकालाही टाकली होती.

हाच न्याय पीएसबीला. स्फुरद विरघळवणारे जिवाणू, पण विरघळवायला अडकलेला स्फुरद कुठाय? मातीत तो कॅल्शियमशी, लोखंडाशी बांधलेला असतो. कोकोत तुम्ही हाडांचा चुरा किंवा रॉक फॉस्फेट मिसळलं असेल तर पीएसबीला काम आहे, नाहीतर नाही. ॲझोटोबॅक्टरचंही तसंच, १९०१ मध्ये बायरिंक यांनी शोधलेला हा बिचारा हवेतला नत्र बांधतो खरा, पण त्याला प्रचंड ऊर्जा लागते, म्हणजे सहज खाता येईल असा कार्बन लागतो, आणि तयार नत्र समोर दिसला तर तो ती मेहनत करतच नाही. का करेल? मीही करणार नाही.

कार्बन लागतो म्हटल्यावर लोक काकवीकडे वळतात. मीही वळले, आणि लिटरला चमचाभर म्हणता म्हणता अंदाजाने ओतत गेले. चार दिवसांनी कुंडीजवळ वाकले तर आंबूस, दारूसारखा वास. काय होतं, की साखर मिळाली की जे पटापट वाढणारे असतात ते भसाभस वाढतात आणि मुळांचा ऑक्सिजन संपवून टाकतात. उन्हाळ्यात तर जास्तच, कारण पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० अंशाला लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसातच. आणि मग ती बारीक काळी चिलटं, जी कुंडी हलवली की नाकातोंडात जातात. त्यांच्या अळ्या बुरशी खातात आणि कोवळी मुळंही. त्यावर उपायही एक जिवाणूच आहे, बीटीआय, बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस, १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात सापडलेला, मुळात डासांच्या अळ्यांसाठी. अळीने खाल्ला की तिच्या आतड्याला भोकं पडतात. पण तो फक्त अळ्या मारतो, उडणारी चिलटं नाही, म्हणून दोन-तीन आठवडे दर पाच-सहा दिवसांनी द्यावा लागतो आणि सोबत पिवळे चिकट कागद. आणि काकवी बंद. आता मी काकवी अगदीच क्वचित, लिटरला एक-दोन मिली, तीही सेंद्रिय कुंड्यांनाच.

सीवीड आणि ह्युमिक बद्दल थोडक्यात. सीवीडमध्ये पोषण नगण्य, पण पुनर्लागवडीनंतर रोप लवकर सावरतं असं मला तरी दिसलंय. ह्युमिक कोकोमध्ये लोखंडासारखी सूक्ष्म द्रव्यं मुळापर्यंत न्यायला मदत करतं, पण कुंडीत गांडूळखत असेल तर ते त्यातून मिळतंच, वेगळी बाटली कशाला.

या सगळ्यापेक्षा वाफसा (मुळांशी ओल आणि हवा दोन्ही असणं) महत्त्वाचा. कोको वरून कोरडा दिसतो आणि आत चिंब असतो, बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालून बघा, किंवा कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्या. दोन टोकं वाईट, कायम चिखल केलात तर चांगले जिवाणूही हवेवाचून जातात, आणि पूर्ण वाळू दिलात तर खताचे क्षार मुळांपाशी घट्ट होतात. विद्राव्य खतवाल्यांनी तर थोडं थोडं, रोज, आणि दहा-वीस टक्के पाणी बुडातून बाहेर पडेल इतकं द्यायचं. सेंद्रियवाल्यांनी नेमकं उलट, खालून वाहू द्यायचं नाही, नाहीतर जे जिवाणूंनी महिनाभर खपून शिजवलं ते ताटलीत.

तर मैत्रिणीला मी काय सांगितलं? १९:१९:१९ चालू ठेवणार असशील तर तुझ्याकडचा ट्रायकोडर्मा ठेव आणि जोडीला बॅसिलस आण, बाकीची सहा बाटल्या-पाकिटं मातीतल्या झाडांसाठी कुणाला तरी देऊन टाक, आणि आधी कॅल्शियम-मॅग्नेशियमची सोय कर. एक गंमत म्हणजे १९:१९:१९ मधला निम्म्याच्या आसपास नत्र बहुधा युरियाच्या रूपात असतो, तो झाडाच्या कामाचा व्हायला बऱ्याच अंशी युरिएझवाले (युरिया तोडणारे) जिवाणू लागतात, म्हणजे आयत्या ताटातही एक पदार्थ अर्धा कच्चाच. पण त्यासाठी बाटली लागत नाही, मूठभर गांडूळखत बास.

ती म्हणाली, आणि हंगाम संपल्यावर कोको फेकायचा ना? अजिबात नाही! माझ्याकडे आत्ता तिसऱ्या हंगामातला कोको आहे आणि तो नव्यापेक्षा मला जास्त आवडतो. झाड काढलं की जाड मुळं उपसायची, बारीक मुळं राहू द्यायची, तीच पुढच्या वस्तीचा शिधा. क्षार साठले असतील म्हणून एकदा भरपूर पाण्याने धुवायचा, पुन्हा कॅल्शियम नायट्रेटचं पाणी, निथळला की ट्रायकोडर्मा आणि गांडूळखत मिसळून गोणपाटाखाली महिनाभर. नव्या कोकोला वास असतो तो नुसता सोडणाचा, वाळक्या लाकडासारखा. या जुन्याला ओल्या मातीचा येतो, तो स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य सोडतात त्याचा. फक्त ज्या कुंडीत झाड मूळकुजीने गेलं, मुळं तपकिरी आणि ओढली की साल हातात येतेय, आणि कोकोला नाल्यासारखा वास, ती मात्र वापरू नका, पुन्हा कुंडीत तर नाहीच. मी अशी एक कुंडी गेल्या महिन्यात लोभापायी ठेवली होती, "ट्रायकोडर्मा टाकलाय, होईल बरं" म्हणून. त्यात लावलेली चारही वांग्याची रोपं काल आडवी झाली.